लपवलेला रिटर्नर

"ड्रेस घालून बसू दे त्याला. पण मैदानात पाठवायचं नाही," गॅरी म्हणाला.

गॅरी आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा पर्सोनेल डायरेक्टर. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवण्यात त्याचा शब्द मोठा. मी टीमचा व्हिडिओवाला. चँडलर गावातल्या कॉम्प्युटर चिप कंपनीतली बरी नोकरी सोडून मी या धंद्यात आलो, तेव्हा नागपूरला आमच्या नातेवाइकांनी मी लग्नाच्या कॅसेटी काढतो असंच धरलं. मीही समजावत बसलो नाही. टीमचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. २००५ चा ऑगस्ट संपत आला होता आणि सीझनआधीची शेवटची सराव मॅच तोंडावर होती.

त्या मॅचनंतर प्रत्येक टीमला माणसं कमी करावी लागतात. आमची बाकी टीम ठरली होती. एकच जागा उरली होती आणि दावेदार दोन. एक डग, क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल त्याच्या हातात येतो आणि कोणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. डग तिसऱ्या नंबरचा, म्हणजे बॅकअपचा बॅकअप. त्यानं हेल्मेटऐवजी टोपी घालून कडेला उभं राहायचं आणि त्याची गरज पडू नये अशी सगळ्यांनी देवाकडे प्रार्थना करायची.

दुसरा मार्कस, किक रिटर्नर. समोरच्या टीमनं लांब मारलेला बॉल झेलायचा आणि अकरा धटिंगण अंगावर येत असताना त्यांच्यातून वाट काढत पळायचं, हे त्याचं काम. कुठल्याशा लहान कॉलेजातून आलेला पोरगा, त्याला कोणी ओळखत नव्हतं. पण तो पळायला लागला की माझ्या कॅमेरामनचा कॅमेरा हमखास मागे पडायचा. मला तो आवडायचा, उगाच कशाला लपवू.

नेमका आमच्या मुख्य क्वार्टरबॅकचा खांदा दुखायला लागला. कोच हटून बसला, डग हवाच.

"मग मार्कस गेला?" मी गॅरीला विचारलं.

"जातोय कुठे? लपवायचा त्याला."

हे लपवणं आमच्या धंद्यातली जुनी रीत. खेळाडूला सोडलं की दुसऱ्या कुठल्याही टीमला त्याला उचलायला एक दिवस मिळतो. कोणी उचललं नाही, तर आपण त्याला परत बोलावून सरावाच्या तुकडीत, म्हणजे राखीव खेळाडूंत, ठेवू शकतो. शेवटच्या मॅचला सगळ्या टीमची माणसं हेरायला येतात. म्हणून हवा असलेला पोरगा त्या दिवशी खेळवायचाच नाही.

"त्याला सांगणार ना?"

"वेडा आहेस? तो एजंटला सांगेल आणि एजंट अख्ख्या लीगला." मग गॅरी म्हणाला, "मी खेळायचो तेव्हा मलाही कोणी सांगितलं नव्हतं." गॅरी वाईट माणूस नव्हता. त्याला ते खरंच इतकं साधं वाटत होतं.

मॅचमध्ये प्रत्येक किकच्या वेळी मार्कस हेल्मेट घालून उठायचा, कोचकडे बघायचा आणि परत बसायचा. शेवटी शेवटी तर तो उठेनासा झाला. मी हे सगळं वरच्या बूथमधून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ रूममध्ये आला.

"माझं काय चुकलं ते दाखवशील?"

मी आधीच्या मॅचमध्ये त्यानं झेललेल्या सगळ्या किक लावल्या. तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होता. "इथे बॉल अंगाशी घ्यायला उशीर झाला. यामुळे असेल का?"

"हे चांगलंच खेळलायस तू," मी म्हणालो. आणि पुढची किक लावली.

"आईनं मॅच बघायला अर्धी गल्ली घरी बोलावली होती," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "स्वयंपाक केला होता सगळ्यांसाठी."

घरी बायकोला, मेधाला, हे सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाक ना त्याला."

"नोकरी जाईल माझी."

"काय यार, माणूस हवाय तर त्याला रडवायचं कशाला? तुमच्या त्या गॅरीला आई नाही का?"

ठरल्याप्रमाणे मार्कसला सोडलं. दुसऱ्या दिवशी लीगकडून निरोप आला, एका टीमनं त्याला उचललं होतं. तेही सरावाच्या तुकडीत नाही, थेट मुख्य टीममध्ये. गॅरीचा चेहरा पडला. त्या टीमचा पर्सोनेलवाला पूर्वी गॅरीच्याच हाताखाली होता. गॅरीनं माझ्यासमोर स्पीकरवर त्याला फोन लावला.

"तुला हा पोरगा दिसला कसा?"

"दिसला नव्हताच," तो म्हणाला. "पण आमचा माणूस मॅच बघून आला आणि सांगायला लागला, धडधाकट रिटर्नर पूर्ण वेळ बाकावर बसवलाय. मी म्हटलं, गॅरी लपवतोय. मग आधीच्या मॅचचे व्हिडिओ काढले." तो हसला. "तुझ्याकडेच तर शिकलो हे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी. गॅरीनं फोन ठेवला.

"खेळवला असता तर?" मी विचारलं.

"तर गर्दीतला एक म्हणून राहिला असता."

संध्याकाळी मार्कस लॉकर रिकामा करायला आला. मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. आता तो आमचा नव्हता, त्यामुळे मला कोणी अडवणार नव्हतं. म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. तू हवा होतास म्हणून बसवलं होतं तुला."

मला वाटलं, पोरगा खूश होईल. त्यानं बॅग खाली ठेवली.

"मी आईला सांगून टाकलं होतं, फुटबॉल सोडतो म्हणून," तो म्हणाला. "उचलल्याचा फोन आला तेव्हा ती माझ्यासाठी नोकरी बघत होती."

त्यानं हात मिळवला आणि तो गेला.

मुख्य क्वार्टरबॅकचा खांदा आठवड्याभरात बरा झाला. डगनं सीझनभर टोपी घातली. आमचे नवे रिटर्नर हातातून बॉल सोडत राहिले आणि मी ते व्हिडिओ कापत राहिलो. गॅरीनं पुढेही खेळाडू लपवले, रीत काही सुटत नाही. फक्त आता तो त्या पोराला आधी ऑफिसात बोलावतो आणि दार लावून खरं काय ते सांगतो. आजवर एकानंही एजंटला सांगितलेलं नाही.