कोर्टातला ठसका
फोडणीतल्या मिरचीचा खाट उठून ठसका लागला की मला परभणीचं कोर्ट आठवतं, कारण तिथं मी नेमका नको तेव्हा खोकलो होतो. शेताच्या दाव्याच्या तारखेला आम्ही नवरा-बायको मागच्या बाकावर बसलो होतो आणि आमच्या आधी एका खुनाची केस चालू होती. मेलेल्या पोराची म्हातारी आई आमच्याकडं पाठ करून सांगत होती, "अंधारात मारणाऱ्याचं त्वांड न्हाई दिसलं साहेब, पर त्याचा खोकला वळखला." तेवढ्यात मला ठसका लागला. आमचा खोकलाही खानदानी, सगळ्या कोर्टात घुमला. "ह्योच त्यो!" म्हातारी ओरडून वळली. आरोपीचा वकील हसला, "आजी, हे तर भलतेच पाहुणे हायेत!" सगळे हसले, ओशाळून मीही हसलो, म्हातारी मात्र कठडा धरून नुसती बघत राहिली. पुढं आरोपी सुटला. ते कळलं त्या दिवशी बायको हळूच म्हणाली, "म्हातारीची साक्ष संपंस्तोवर तो आरोपी तोंडात रुमाल कोंबून खोकला दाबत बसला होता. मी बघितलं होतं."