शेवटची ओळ तुमची

कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या सरांनी उभ्या जन्मात फळ्यावर एकही गणित पूर्ण सोडवलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. जळगावच्या कॉलेजात त्यांची अख्खी नोकरी झाली, पण उत्तराच्या तोंडाशी आले की खडू खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "शेवटची ओळ तुमची. घाई नाही. करा विचार." मग कुणी बोलेपर्यंत ढिम्म उभे. एकदा तास संपून रसायनवाले सर दारात येऊन थांबले, तर यांनी त्यांनाही बाकावर बसवून विचार करायला लावलं. कुणाला ती ओळ सुचली, की मात्र धुळ्याजवळच्या सोनगीरचा हा माणूस पुस्तकी मराठी विसरून अहिराणीवर यायचा, "बठ्ठं सोपं शे ना!", म्हणजे सगळं सोपंच आहे की, असं म्हणत टाळी द्यायचा आणि समोरच्याचा हात पांढरा करून टाकायचा. घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या बायको, आमच्या काकू, सांगत, "मला पाहायला आले, तेव्हा 'म्हणजे मग...' म्हणून जे थांबले, ते पसंती शेवटी मामंजींना सांगावी लागली."

मला हे सारं गमतीचं वाटायचं. पहिलं वर्ष मी पास झाले आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलं, की पोरीचं कॉलेज आता बंद. आठवडाभर मी आमच्या गावी, असोद्यात, रडत बसले होते. एका दुपारी सर बसने आले ते थेट आमच्या केळीच्या शेतात. आबा कंद लावत होते. माझं नावही न काढता सर खाली बसले, काडीने मातीत तिरपं शेत आखलं, बाजूंची मापं लिहिली आणि विचारलं, पाच-पाच फुटांवर लावले तर यात कंद किती बसतील? आबांनी कुदळ खाली न ठेवता आकडा सांगितला. चहा घेऊन गेलेली मीही आबांबरोबरच तोच आकडा पुटपुटले. सर खूश. "आबा, हे डोकं तुमचं. तेच पोरीत उतरलंय. आणि आठवडाभर ते घरात बसून आहे. म्हणजे मग..." काडी ठेवून सर गप्प. आबा पुढचा कंद लावू लागले. चहा निवला, परतीच्या दोन बस गेल्या. अखेर आबाच वैतागले, "म्हंजे तिले कालेजात धाडा लागीन, असंच ना, मास्तर?" सरांनी आबांच्या मातीच्या हातावर टाळी दिली.

पुढे मीही गणित शिकवायला लागले. नोकरीची ऑर्डर हाती पडली तशी सोनगीर गाठलं. निवृत्त झालेले सर ओट्यावर गावातली पोरं जमवून भिंतीवरच गणित लिहीत होते, अर्थात अर्धवट. खूप थकले होते. निघताना मी पाया पडले. "सर, त्या दिवशी तुम्ही असोद्याला आला नसता, तर..." सर नेहमीसारखे थांबून राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घाई नाही. कर विचार."

केसांतला खडू मी धुळ्यापर्यंत झटकला नाही.