जावयाने बुजवलेल्या फटी

सासऱ्यांच्या डहाणूच्या घराच्या भिंतीतल्या सगळ्या फटी मी सिमेंटने बुजवल्या. परवा शेजारी बांधकाम निघालं, ओल्या सिमेंटचा वास आला आणि ते सगळं पुन्हा आठवलं.

घर साठच्या दशकातलं. आत एक भिंत, मग थोडी पोकळी आणि बाहेरून लाल विटांचा एकेरी पडदा. त्याच्या तळाशी दर चार विटांमागे बोटभर फट. गवंडी भरायला विसरला असणार, यातून साप शिरेल, असं मीच ठरवलं. सासरे सायवनला लग्नाला गेलेले. परतल्यावर नव्या जावयाचं कौतुक करतील, ही हाव वेगळीच.

श्रावणात चार दिवस पाऊस झोडपत राहिला आणि विटांना पोट सुटलं. सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात काढलं. ती भिंत बांधणारे म्हातारे लाडकू मिस्त्री छन्नी घेऊन नेमके त्या पोटाखाली गुडघ्यांवर बसले. पहिली फट फोडली, काहीच नाही. दुसरी फोडली, वर एक वीट करकरली. सासरे माझ्याकडे बघतही नव्हते. तिसरीतून पोकळीत तुंबलेल्या लाल पाण्याची चिळकांडी मिस्त्रींच्या तोंडावर उडाली आणि करकर थांबली.

तेव्हा मला धास्ती होती ती फक्त सासऱ्यांच्या रागाची. त्या भिंतीखाली एक माणूस बसला होता, हे मला आता कळतंय.

"साप येईल म्हणून बुजवल्या हो," मी पुटपुटलो.

मिस्त्रींनी तोंड पुसलं. "येऊ द्या की, जावईबापू. तो तुमच्याइतकं नुकसान नाय करत."