धुराचा डबा

गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींना सगळे ‘कानवाले’ म्हणत. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं चालू इंजिनवर फिरवलं, की हवा कुठून गळतेय ते त्यांना नुसत्या फुसफुशीवरून कळायचं. साठी ओलांडली आणि ती फुसफुस ऐकू येईनाशी झाली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुरुस्त केलेल्या गाड्या परत येऊ लागल्या.

“अहो, तीन हाका मारल्याशिवाय तुम्ही वळत नाही,” बायको जेवताना म्हणाली. “कानांनी सापडत नसेल तर डोळ्यांनी शोधा की!”

मिस्त्रींना राग आला. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचा रिकामा डबा घेतला, त्यात थोडं बेबी ऑइल ओतलं, ते तापवायला डिझेल गाडीचा जुना हीटर प्लग बसवला आणि पायपंप जोडला. पहिल्यांदा झाकणच उडालं. चौथ्या खेपेला दाट पांढरा धूर नळीतून बंद इंजिनात शिरला.

गाडी शेजारच्या शिक्षिकाबाईंची होती. वरचा एक पाइप चिरलेला दिसतच होता; त्यातून धूर आला, तो अपेक्षितच होता. पण खालच्या एका जोडावरूनही बारीक रेघ वर आली. तिथे वर्षानुवर्षांची तेलकट धूळ बसली होती.

“बाई, ही गळती जुनी आहे,” मिस्त्री म्हणाले. “कान धड होते तेव्हाही माझ्याकडून राहिली.”

“गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, हे मी दर वर्षी सांगत होते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणायचात, भास होतोय तुम्हाला.”

“चुकलंच माझं,” म्हणत मिस्त्रींनी पाना उचलला.