अमावास्येचे प्रस्थान

श्रीवर्धनच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या श्यामलाबाईंना आकाश ठाऊक होते ते फटीफटींतून. घर सुपारीच्या वाडीत. अंगणात उभे राहिले की माडापोफळींच्या शेंड्यांमधून निरुंद फट दिसे, आणि त्या फटीतून जे नक्षत्र सरकेल ते बाईंच्या ओळखीचे. मृग आधी खांद्यापर्यंत दिसायचा, मग झावळ्यांआड जायचा. त्याचे पाय बघायला विहिरीकडे जावे लागे. सगळे आकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकदा तरी पाहावे ही त्यांची लग्नाआधीपासूनची हौस.

सन तीसच्या थंडीत ती संधी चालून आली. त्यांचे यजमान मुंबईत एका कचेरीत नोकरीला होते. तिथल्या काही हौशी मंडळींनी दुर्बीण घेऊन हरिहरेश्वराजवळच्या उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, राहुट्या ठोकायच्या आणि एक रात्र तारे पाहायचे ठरवले. मंडळी आगबोटीने येणार होती, बायकांसह. श्यामलाबाईंनी घरून गाडीने येऊन मिळावे, असा निरोप आला. रात्र अर्थातच अमावास्येची. चांदण्यात तारे कुठले दिसायला!

अडचण तिथेच होती. सासरे तात्या यांच्या घरातून अमावास्येला माणूस बाहेरगावी निघत नसे. वाळलेल्या सुपारीचे पोतेसुद्धा हलत नसे.

"आदल्या दिवशी जा," तात्या म्हणाले.

"मंडळीच अमावास्येला यायची आहेत, मामंजी. आदली रात्र त्या सड्यावर एकटीनं काढू?"

"मग प्रतिपदेला नीघ."

"तेव्हा ती परतीच्या बोटीत असतील."

तात्यांनी पंचांग मिटले. त्यांचा स्वतःचा विरोध नव्हता. सुनेच्या शिकण्याचे त्यांना कौतुकच होते. पण पंचांगापुढे स्वतःचे मत ठेवायची त्यांना सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी भात वाढताना श्यामलाबाई म्हणाल्या, "मामंजी, प्रस्थान ठेवलं तर?"

तात्यांचा हात ताटातच थांबला. तोड चोख होती. चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस त्याच दिवशी निघाला असे धरतात. देह मागाहून गेला तरी चालतो. अट एकच: ठेवलेली वस्तू परत घरात आणायची नाही. आणली की प्रवास मोडला.

"दशमी उत्तम आहे," तात्या म्हणाले, आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रस्थान ठेवायचे ते ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या घरी. हरिहरेश्वर दक्षिणेला, आणि दक्षिणेला घर एकच होते, केसरबाईचे.

तात्यांच्या माडाची झावळी केसरबाईच्या गोठ्यावर पडून कौले फुटली, तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. तात्यांना जे ऐकवायचे असेल ते केसरबाई कुंपणापाशी येऊन आपल्या कोंबड्यांना सांगे.

दशमीला तात्यांनी स्वतःच्या हाताने बोचके बांधले: सुनेचे एक लुगडे, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. ते घेऊन श्यामलाबाई कुंपणापलीकडे गेल्या.

"चाललीस कुठं गो बाय?" केसरबाईने विचारले.

"तारे बघायला."

"तुमच्या अंगणात न्हाय दिसत?"

"माड सोडतील तेवढेच दिसतात."

"व्हय गो. त्या माडांनी आमचाबी जीव खाल्लाय," केसरबाई म्हणाली आणि तिने बोचके ओटीवरच्या फळीवर नीट ठेवले.

दुपारी जेवण झाल्यावर तात्यांचा हात अडकित्त्याकडे गेला. अडकित्ता नव्हता. घर उलथेपालथे झाले. मग तात्या हळूच झोपाळ्यावर बसले. सुपारीबरोबर अडकित्ता ठेवायचा, ही हाताची जन्माची सवय. बोचके बांधतानाही हाताने तेच केले होते. घरात आणखी दोन अडकित्ते होते, पण ते खांडे पाडणारे. तात्यांना सुपारी लागे ती केसासारखी कातरलेली.

"आणू का परत?" श्यामलाबाईंनी विचारले.

"आणलास तर तुझं जाणं राहील का?"

"नाही राहणार."

"मग विचारतेस कशाला?"

एक दिवस तात्यांनी खांडे चघळून काढला आणि दाढ धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपरणे घेतले, सुपारी मुठीत धरली आणि कुंपणाची वाट धरली. श्यामलाबाई विहिरीवर घागर तशीच धरून उभ्या राहिल्या. म्हातारा रागारागाने अडकित्ता उचलून घरी आला की संपले.

"पाव्हणे आले गो," केसरबाई कोंबड्यांना म्हणाली. "सरका, बसू द्या त्यांना."

"माझी वस्तू आहे," तात्या माडाकडे बघत म्हणाले. "इथंच वापरीन, इथंच ठेवीन."

"ठिवा की. पन माझ्या सुपारीचेबी चार काप करा. माझी बोटं वळत न्हाईत थंडीची."

मग अडकित्ता वाजू लागला. श्यामलाबाईंनी घागर विहिरीत सोडली.

त्यानंतर तात्या रोज दुपारी तिकडे जाऊ लागले आणि रोज थोडे उशिरा परतू लागले. चतुर्दशीला त्यांनी गड्याला माडावर चढवून गोठ्यावर वाकलेल्या झावळ्या उतरवल्या. इकडे श्यामलाबाईंनी गुळपापडी थापली, मेतकुटाची बरणी भरली, घोंगड्यांना ऊन दाखवले. कंदिलाच्या काचेला तांबडा कागद चिकटवला. उजेडाने डोळे दिपले तर बारीक तारे दिसत नाहीत, असे यजमानांनी कळवले होते. तयार झालेली प्रत्येक वस्तू तात्या लगेच केसरबाईकडे पोचवत. "जे जायचं ते सगळं तिकडंच," ते बजावत. अमावास्येच्या सकाळी श्यामलाबाई मोकळ्या हातांनी, फुले तोडायला निघाल्यासारख्या घराबाहेर पडल्या. बैलगाडी केसरबाईच्या दारात उभी होती.

"तात्या, अडकित्ता तेवढा काढून घ्या आता," केसरबाई म्हणाली.

"छे! प्रस्थानातला आहे. जाऊन येऊ दे त्याला."

"आनि उद्यापर्यंत?"

"तुझा आहे ना?"

"मेला बोथट हाय."

"आण इकडे, धार लावतो," तात्या म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघांची धारेवरून हुज्जत चालू होती.

सड्यावर राहुटीच्या मेखा कातळात शिरेनात. शेवटी सगळ्यांनी धोंडे गोळा केले आणि दोर त्यांना बांधले. श्यामलाबाईंनीही पदर खोचून धोंडे वाहिले. हात खरचटले, त्याचे त्यांना काही वाटले नाही. सूर्य समुद्रात गेला. सड्यावर झाड नव्हते, आणि काळोख चारही बाजूंनी एकदम आला.

"मृग कुठं उगवतोय, सांग पाहू. तू तर शिकवतेस," यजमान म्हणाले.

बाईंनी वर पाहिले. मोजायला शेंडा नाही, आडोशाला झावळी नाही. पोरींना तोंडपाठ करून घेतलेले एकही नक्षत्र त्यांना जागेवर सापडेना. त्या मोठ्याने हसू लागल्या.

"पूर्वेकडून सुरुवात कर," यजमानांनी सुचवले.

त्यांनी ते ऐकले नाही. त्या जागच्या जागी आकाशाची कड बघत सावकाश एक पुरा फेरा फिरल्या, आणि मग दुर्बिणीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.