नळाला लावलेलं कुंकू

आज संध्याकाळी नळातून सोनेरी धार शांतपणे उतरली आणि ग्लासात वर फक्त बोटभर फेस राहिला. बियर मी घरीच केलेली, नळही जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून मीच बसवलेला. त्या भोकापायी आईने आठवडाभर अबोला धरला होता. इतके दिवस ग्लासभर नुसता फेसच यायचा. शेवटी आतली नळी तिप्पट लांब घेतली आणि वेटोळं करून ठेवली. लांबच्या वाटेने आलं की जोर आपोआप ओसरतो. बियरचा काय, रागाचा काय. मी ग्लास उजेडात धरून बघत होतो, तेवढ्यात आई देवघरातून आली. तिने नळाला हळदीकुंकवाची बोटं टेकवली.

"दारूचं असलं तरी घरातलं नवं यंत्र आहे," ती म्हणाली. "चालू करण्याआधी सांगायचं नाही का?"