वाफेचा आकडा

पूल मागे पडला तेव्हा दादाने तिसऱ्यांदा विचारलं, "परत फिरू या का?"

"वहिनीने मला सोबत कशाला धाडलंय?" धाकटी म्हणाली. "तू परत फिरू नयेस म्हणूनच ना? चल मुकाट्याने."

बस अर्ध्या वाटेतच बंद पडली होती. कारखाना अजून कोसभर लांब, आणि अकरा वाजता मालकांकडे गिऱ्हाईक यायचं होतं. त्याने मागणी नोंदवायच्या आत दादाला आपला आकडा मागे घ्यायचा होता. बत्तीस वर्षांत ही वेळ एकदाही आली नव्हती.

दादा प्लॅस्टिकच्या कारखान्यात वितळलेल्या मालाची धार मोजायचा. तापलेल्या नळीत दाणे टाकायचे, वरून वजन ठेवायचं आणि खालच्या बारक्या भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम उतरतं ते बघायचं. काम एवढंच, पण ते चालू असताना कुणी शिंकलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. सगळे त्याला थेंबे म्हणत. नव्या माणसांना ते आडनावच वाटे. एकदा तर ओळखपत्रावरही तेच छापून आलं आणि त्याने ते तसंच राहू दिलं. घरी बाटलीतून मध ओतला की तो घड्याळाकडे बघे आणि वहिनी देवाकडे.

"पण बिघडलं कुठे?" धाकटीने विचारलं. "सात आला म्हणजे चांगलंच की."

"अगं, नुसतं प्लॅस्टिक बारा देतं. त्यात आपण चाळीस टक्के लाकडाचा भुसा घालतो. प्लॅस्टिक वितळतं, लाकूड थोडंच वितळतंय? कण न् कण पाय रोवून बसतो. धार तीनावर यायला हवी. सात येईलच कसा?"

"मग भुसा आणखी बारीक दळा."

"मालकही हेच म्हणतात. बारीक केला की जास्तच अडतो तो. बारीक माणसांचा हट्ट मोठा. तुझी वहिनी बघ."

"सांगू तिला?"

"नको," म्हणत दादाने पाय उचलला. आणि चालता चालता, वहिनीलाही न सांगितलेली गोष्ट त्याने एकदाची सांगून टाकली.

भुसा नळीत जाण्याआधी ओव्हनमध्ये खडखडीत वाळवावा लागतो. नाहीतर त्यातल्या ओलीची वाफ होते आणि तीच माल आतून ढकलते. हे दादाला स्वतःच्या नावापेक्षा जास्त पाठ. पण परवा मालक डबक्यात पाय घालून आले आणि ओले मोजे त्याच्या हातात देऊन म्हणाले, "थेंबे, जरा तुमच्या ओव्हनमध्ये." आता मालकांचे मोजे आणि भुसा शेजारी शेजारी कसे ठेवायचे? दादाने भुशाचा ट्रे बाहेर काढला आणि ठेवला तो नेमका चहाच्या उकळत्या किटलीजवळ. मोजे कडकडीत वाळले, भुसा वाफ पीत बसला. आकडा सात आला. मालकांनी टाळी वाजवली, दादाने सही ठोकली.

काल जेवताना त्याने खिशातला नमुन्याचा तुकडा सहज मोडून बघितला, तर आत नुसती भोकं. हातातला घास हातातच राहिला. फोनवर सांगता आलं असतं, पण मोजे हा काही फोनवर बोलायचा विषय नव्हता.

ते पोचले तेव्हा गिऱ्हाईक येऊन बसलेलंच होतं. धाकटी दाराशी, किटली घेऊन उभ्या असलेल्या चहावाल्याशेजारी थांबली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागली.

"साहेब," दादा एका दमात म्हणाला, "सात हा आकडा माझा नाही, वाफेचा आहे. खरा आकडा तीन."

मालकांचा चेहरा उतरला. "वाफ आली कुठून?"

"भुसा ओला राहिला. ओव्हनमध्ये मोजे वाळत होते."

"मोजे?" गिऱ्हाईक खुर्चीत पुढे सरकलं. "कुणाचे?"

मालकांनी पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतले. धाकटीचं नामस्मरण जागच्या जागी थांबलं.

"माझे," दादा म्हणाला.

गिऱ्हाईकाने भुसा वाळवून समोर पुन्हा मोजायला लावलं आणि तोवर ते हललं नाही. आकडा आला तीन. "तीनवर माझा साचा भरायचा नाही. भुसा कमी करून दाखवा, मग बघू," म्हणत ते उठलं. मागणी मिळाली नाही, पण हातची गेलीही नाही. मालकांनी मागणीचा कोरा कागद घुश्शात खणात टाकला. मग हळूच म्हणाले, "थेंबे, तुमच्या मोज्यांसाठी दुसरा ओव्हन घेऊ या."

फाटकाबाहेर येताच दादा थबकला.

"आता काय झालं?" धाकटी म्हणाली.

"चहावाल्याने सगळं ऐकलंय. म्हणजे संध्याकाळच्या आत तुझ्या वहिनीच्या कानावर जाणार. मोज्यांच्या बाबतीत तिचा माझ्यावर आधीच विश्वास नाही."

"मग?"

"मग तू सांग तिला, ते मोजे माझे नव्हते म्हणून. माझं ती ऐकायची नाही. आणि कुणाचे असं विचारलंच, तर तुझ्या देवाचं नाव घे आणि गप्प बस."